शिफ्ट पाच वेळा दाबा

पत्र

सर, नमस्कार.

मी मानोरा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा आहे. मागच्या सोयाबीनच्या हंगामात हडंब्यात (मळणी यंत्रात) त्याचा उजवा हात गेला, कोपराच्या खालचा. त्याआधी त्याचं बी.ए.चं दुसरं वर्ष आणि एमएस-सीआयटी झालं होतं. मंगरुळपीरला आमच्या मामाचं आपले सरकार सेवा केंद्र आहे. भावानं तिथं बसावं असं मला फार वाटते. पण मामा म्हणतात, "एका हातानं कवा टाइप करन अन् कवा लाइन सरकन? जूनमध्ये दाखल्याच्या टायमाले इथं पाय ठेवाले जागा नसते." अकोल्याच्या एका दुकानदारानं एका हाताच्या माणसांसाठी खास कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर मिळून चाळीस हजार सांगितले. बाबा त्यासाठी गोऱ्ह्यांची जोडी विकायला निघाले आहेत.

भाऊ काहीच बोलत नाही. एकदा मामाच्या केंद्रात कम्प्युटरवर बसला होता. कॅपिटल अक्षर काढायला त्यानं हनुवटीनं शिफ्ट दाबलं, तर तिथली पोरं हसली. तेव्हापासून गेला नाही. मी विषय काढला की म्हणतो, "राहू दे नं ताई. एका हाताच्या माणसाले कोन बसवते कम्प्युटरवर?"

तो कीबोर्ड घ्यावा का? की दुसरं काही आहे?

— एक बहीण, जि. वाशिम

उत्तर

ताई,

गोऱ्हे विकू नका. निदान आत्ता तरी नाही. बाबांना आज संध्याकाळीच सांगा. बाजाराचा दिवस उजाडला की बोलणं राहून जातं.

तो दुकानदार जे विकतो आहे, त्यातलं बरंचसं काम मामांच्या कम्प्युटरमध्ये आधीपासून आहे. फुकट आहे आणि नेटसुद्धा लागत नाही. मामांच्या केंद्रात जा, कोणत्याही कम्प्युटरवर शिफ्टचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबा. एक आवाज येईल आणि एक मेसेज उघडेल: स्टिकी कीज चालू करायच्या का? हा मेसेज तुम्ही पाहिलेला असेल. गेम खेळणाऱ्या पोरांना तर तो पाठ असतो, कारण शिफ्ट जोरजोरात दाबताना नेमका मध्ये येतो आणि पोरं शिव्या घालून 'नो' दाबतात. तो मेसेज तुमच्या भावासाठी आहे. १९९५ सालच्या विंडोजमध्येही ही सोय होती, म्हणजे तुमच्या भावाच्या जन्माच्या आधीपासून. यावेळी 'यस' दाबा.

आता काय होतं ते बघा. एरवी शिफ्ट दाबून ठेवायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं अक्षर दाबायचं, अशी पद्धत. स्टिकी कीज चालू असल्या की शिफ्ट एकदा दाबून सोडून द्यायचं, मग निवांत अक्षर दाबायचं. कम्प्युटर तेवढ्या वेळापुरतं शिफ्ट धरून ठेवतो. कंट्रोल, ऑल्ट आणि विंडोजचं बटण, सगळ्यांना हाच नियम. कंट्रोल, मग ऑल्ट, मग डिलीट असं एकामागून एक दाबलं तरी चालतं. एखादं बटण लागोपाठ दोनदा दाबलं तर ते धरलेलंच राहतं, तिसऱ्यांदा दाबलं की सुटतं. नाव पूर्ण कॅपिटलमध्ये लिहायचं असेल तर हे कामाला येतं. हनुवटीची गरज संपली.

मराठी टायपिंगला तर ही सोय इंग्रजीपेक्षा जास्त लागते. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या सरकारमान्य मांडणीत आपली कितीतरी अक्षरं शिफ्टवर बसवलेली आहेत. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे सगळे शिफ्टवर. ण, ळ आणि श हेही शिफ्टवर. अ, आ, इ, ई, उ, ऊ असे सुटे स्वरसुद्धा शिफ्टवर. 'खाते' लिहायचं तर शिफ्ट, 'भोगवटादार' लिहायचं तर शिफ्ट, 'शेळके' लिहायचं तर दोनदा शिफ्ट. दोन हातांचा माणूस हे मोजत नाही. एका हाताच्या माणसाला दर शब्दाला अडखळायला होतं आणि लोकांना वाटतं याचा वेग कमी आहे.

आता ज्या गोष्टीवर हे सगळं फसतं ती सांगतो. विंडोजचं बटण आणि यू दाबा. सेटिंग्जमधलं ॲक्सेसिबिलिटीचं पान उघडेल (विंडोज १० असेल तर त्याचं नाव ईझ ऑफ ॲक्सेस). तिथं कीबोर्डमध्ये स्टिकी कीजवर जा. आत एक खूण असते: दोन बटणं एकाच वेळी दाबली तर स्टिकी कीज बंद करा. ही खूण आधीपासून लावलेली असते. ती काढा. नाहीतर काय होतं, तुमचा भाऊ काम करत असतो, मामा पाठीमागून वाकतात, "थांब, मी दाखवतो" म्हणून दोन्ही हातांनी कंट्रोल-सी दाबतात, आणि सोय गुपचूप बंद. मग पोराला वाटतं आपलंच चुकलं. दोनदा दाबल्यावर धरून ठेवण्याची खूण मात्र राहू द्या, आवाजाचीही राहू द्या. खाली टास्कबारवर आयकॉन दिसण्याची सोय चालू करा, म्हणजे कोणतं बटण धरलेलं आहे ते डोळ्यांना दिसतं.

दुसरी गोष्ट मामांकडून मागून घ्यायची. त्या कम्प्युटरवर तुमच्या भावाच्या नावानं वेगळं युजर खातं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन ते पाच मिनिटांत बनतं. माझं स्पष्ट मत आहे की सगळ्या सोयींपेक्षा हे खातं मोठं. या सेटिंग्ज ज्याच्या त्याच्या खात्याला लागतात. एकाच खात्यावर चार जण बसत असले की संध्याकाळी कोणीतरी "हे काय टूंक टूंक वाजतं" म्हणून सगळं बंद करतं आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून. आपल्या खात्यात तो कीबोर्ड-माऊस हवा तसा ठेवेल, मामांच्या खात्याला धक्का लागणार नाही. प्रिंटर-स्कॅनर दोन्हीकडून चालतात. मामा हरकत घेतील असं मला वाटत नाही, पण घेतली तर इथं अडून बसा.

माऊस. केंद्रातले माऊस बघा, काही उजव्या तळव्याच्या आकाराचे फुगीर असतात. ते डाव्या हाताला टोचतात. दोन्ही बाजूंनी सारखा असतो तो साधा, स्वस्तातला माऊस घ्या. सगळ्या खर्चात एवढाच खर्च मी सांगतो आहे. डाव्या हातानं वापरताना माऊसची डावी-उजवी बटणं अदलाबदल करता येतात, सेटिंग्जमध्ये माऊसच्या पानावर 'प्रायमरी बटण' म्हणून पर्याय आहे. काही डावखुरे अदलाबदल न करताच मधल्या बोटानं डावं बटण दाबतात आणि त्यांचं उत्तम चालतं. भावाला दोन्ही करून बघू द्या आणि त्याला सोपं वाटेल ते ठेवू द्या.

माऊसमध्येच एक लपलेली चीज आहे, क्लिकलॉक. फोटो कापायचा, स्कॅन केलेल्या आधार कार्डाची कड छाटायची, फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढायची, या सगळ्याला बटण दाबून धरून ओढावं लागतं. एकाच हातानं दिवसभर असं धरून ओढलं की अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. कंट्रोल पॅनेलमध्ये माऊसच्या पहिल्याच पानावर खाली क्लिकलॉकची खूण आहे. ती लावली की बटण क्षणभर दाबून सोडायचं, मग मोकळ्या हातानं ओढायचं, शेवटी एक क्लिक केलं की सुटतं. सेवा केंद्रात फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसवण्याचं काम किती असतं ते मामांना विचारा.

हात कुठं ठेवायचा, हे कोणी शिकवत नाही. एमएस-सीआयटीला त्याला डावा हात ए-एस-डी-एफ वर ठेवायला शिकवलं असेल. ते आता विसरायचं. एका हाताच्या टायपिंगमध्ये चार बोटं एफ, जी, एच, जे या बटणांवर ठेवतात, म्हणजे हात कीबोर्डच्या मध्यावर येतो आणि दोन्ही टोकं सारखीच लांब राहतात. एफ आणि जे वर बारीक उंचवटे असतात, न बघता ते सापडतात. कीबोर्ड समोर न ठेवता थोडा डावीकडे सरकवायचा, म्हणजे जी-एच ही बटणं डाव्या खांद्यासमोर येतील. कागद सरकू नये म्हणून परीक्षेला नेतात तसा चापाचा पुठ्ठा पुरतो, आणि कागद दाबून धरायला उजवं कोपर आहेच.

आणि ताई, मनगट सांभाळायला सांगा. त्याला दुसरा हात नाही, म्हणून हा हात दुखायला लागला तर जेवण, आंघोळ, कम्प्युटर सगळंच अडतं. सुरुवातीला अर्धा तास, मग उठून फेरी. मुंग्या येत असतील किंवा रात्री मनगट ठणकत असेल तर थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. कामाचा उत्साह आला की पोरं हे लपवतात.

आता मराठी कोणत्या मांडणीनं लिहायचं हा प्रश्न. इन्स्क्रिप्टमध्ये काना-मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे आहेत. दोन हातांनी ताल धरून लिहायला ती मांडणी छान आहे, एका हाताला मात्र सारखी धाव पडते. विंडोजमध्येच २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आला आहे. आपण जसं मोबाइलवर लिहितो तसं इंग्रजी अक्षरांत 'shetkari' लिहायचं आणि शेतकरी उमटतं. बटणं जास्त दाबावी लागतात, पण शिफ्ट जवळजवळ लागतच नाही. मी म्हणेन, केंद्रातलं काम फोनेटिकवर सुरू करू द्या. पुढं टायपिंगची परीक्षा किंवा सरकारी नोकरी मनात असेल तर इन्स्क्रिप्ट सावकाश शिकता येईल. इंग्रजी-मराठी बदलायला विंडोज आणि स्पेसबार ही जोडी आहे, ती डाव्या हाताच्या करंगळी-अंगठ्यात मावते. बटणं लक्षात राहीनाशी झाली तर विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबून पडद्यावर कीबोर्ड आणता येतो. इन्स्क्रिप्ट निवडलेलं असेल तर त्यावर मराठी अक्षरं दिसतात.

(कोणी तुम्हाला सांगेल की विंडोजमध्ये फक्त डाव्या हातासाठीची ड्वोरॅक नावाची मांडणी आहे. आहे, खरंच आहे. पण ती इंग्रजीपुरती, आणि बटणांवर छापलेली अक्षरं तिच्याशी जुळत नाहीत. ज्याला दुसऱ्यांच्या कम्प्युटरवर काम करायचं आहे त्यानं तिच्या नादी लागू नये.)

बोलून टाइप करता येतं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. येतं. मोबाइलच्या जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) आणि क्रोममध्ये गूगल डॉक्सवर मराठीत बोललं की मराठीत उमटतं. लांब अर्ज, तक्रारीचं पत्र, ग्रामसभेचा मजकूर यासाठी ते झकास. त्याला नेट लागतं, प्रमाण मराठीत बोलावं लागतं आणि आडनावं, गावांची नावं नंतर तपासावी लागतात. सेवा केंद्रात मात्र एक पथ्य पाळायला सांगा. आधार नंबर, खातं नंबर, मोबाइल नंबर कधीही बोलून टाकायचा नाही. पंधरा माणसं ऐकत उभी असतात.

आता मामांच्या लाइनबद्दल. मामा चुकीचं बोलत नाहीत, जूनमध्ये खरंच झुंबड असते. पण त्यांना एक दिवस घड्याळ लावून बघायला सांगा की एका उत्पन्नाच्या दाखल्याला किंवा नॉन-क्रिमीलेयरला वेळ कशात जातो. कागद लावण्यात, स्कॅनमध्ये, फोटो छोटा करण्यात, "ओटीपी आला का हो काका? नाही? मग मोबाइल दुसरा का?" यात आणि सर्व्हर फिरत राहतो त्यात. अर्जात टाइप करायचा मजकूर चार-सहा ओळींचा असतो. त्यातही गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड दर अर्जात तेच. त्यासाठी विंडोज आणि व्ही दाबून बघा. आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते, पहिल्यांदा ती चालू करावी लागते. गाव-तालुका त्यात पिनानं टोचून ठेवता येतात आणि डाव्या हातानं एका क्लिकमध्ये टाकता येतात. त्या यादीत लोकांचे आधार नंबरही साठतात, म्हणून रोज काम संपवून उठताना पिन न केलेलं सगळं पुसून टाकायचं. 'क्लीअर ऑल' असं तिथंच असतं.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण यावरून भांडण होईल. उजव्या बाजूचं शिफ्ट आठ सेकंद दाबलेलं राहिलं तर फिल्टर कीज नावाची दुसरी सोय जागी होते. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी ती आहे. चुकून लागलेली आणि दोन-दोनदा पडणारी बटणं ती मोजत नाही. गरज असलेल्या माणसाला ती फार मोठा आधार आहे. पण फाइल किंवा कोपर उजव्या शिफ्टवर टेकलं, मेसेज आला आणि कोणी न वाचता एंटर मारला, की कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. मग मेकॅनिकला फोन, मग नवा कीबोर्ड. उजवं शिफ्ट पुन्हा आठ सेकंद दाबलं की बरं होतं. भावाच्या खात्यात या सोयीचा शॉर्टकट बंदच करा. तसंच विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र पडले तर कम्प्युटर बोलायला लागतो. ते भूत नाही, नॅरेटर आहे, न दिसणाऱ्यांना पडदा वाचून दाखवतो. तीच तीन बटणं पुन्हा दाबली की गप्प होतो.

मामांना पटवण्याचा माझा एक आवडता मार्ग आहे. भावाचं नावच काढू नका. मामा पन्नाशीच्या आसपास असतील तर चष्मा नाकावर खाली ओढून पडद्याजवळ तोंड नेऊन सातबारा वाचत असणार. त्यांच्या कम्प्युटरवर विंडोज आणि अधिकचं चिन्ह दाबा. मॅग्निफायर उघडेल, पडदा मोठा होईल, माऊस नेला तिकडं सरकेल. बंद करायला विंडोज आणि एस्केप. ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर टेक्स्ट साइज वाढवून द्या. डोळ्यांचा ताण कमी झाला की माणूस अशा सेटिंग्जना 'अपंगांचं काहीतरी' म्हणत नाही. मग भावाच्या खात्याची गोष्ट काढा.

आता भावाबद्दल. त्यानं हनुवटीनं शिफ्ट दाबलं. कोणी न शिकवता, समोर पोरं बसलेली असताना, त्यानं मार्ग काढला. हात नसलेली, बोटं आखडलेली कितीतरी माणसं जगभर तोंडात काडी धरून किंवा हनुवटीनं कीबोर्ड चालवतात, आणि असंच एक एक बटण दाबणाऱ्यांसाठी स्टिकी कीज आहेत. हे त्याला सांगा, पण उपदेशाच्या सुरात नको. पत्र तुम्ही लिहिलं, कीबोर्डचा भाव बाबांनी आणला, लाइनची काळजी मामांनी केली. त्याला कोणी विचारलं का की त्याला दाखले काढायचे आहेत का? कदाचित त्याला बी.ए. पूर्ण करायचं असेल. कदाचित दुसरंच काही. तेही विचारा आणि उत्तर यायला वेळ द्या. वर्ष झालं नाही अजून.

शिकायला मामाच्या केंद्रात भर दुपारी पाठवू नका. केंद्र बंद झाल्यावरचा किंवा सकाळी उघडण्याआधीचा एक तास मागून घ्या. घरी कम्प्युटर नसेल तर जुना यूएसबी कीबोर्ड ओटीजीच्या वायरनं मोबाइलला लावता येतो, बोटांची सवय तेवढ्यावर होते. आणि तुम्ही शेजारी बसून "इकडं दाब, तिकडं दाब" करू नका. ही चिठ्ठी त्याच्या हातात द्या आणि गोठ्यात कामाला जा.

तो त्या खुर्चीवर बसला तर केंद्रालाही फायदा आहे. ऐकू न येणारा माणूस आला की आपल्याकडं सगळे जण फक्त जोरात ओरडतात. अँड्रॉइड मोबाइलवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं ॲप आहे, त्यात आपण मराठीत बोललेलं मोठ्या अक्षरात समोर उमटतं. वाचता येणाऱ्या बहिऱ्या माणसाशी त्यावर नीट बोलता येतं. अंगठ्याचे ठसे झिजलेली मजूर बाई, मोतीबिंदू झालेली आजी, डोळ्यांची उघडझाप करता येत नाही म्हणून केवायसी (ओळखीची पडताळणी) अडलेला माणूस, हे सगळे याच केंद्रात येतात आणि "उद्या या" ऐकून जातात. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं केवायसीच्याच प्रकरणात सांगितलं आहे की डिजिटल सेवेपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हे भिंतीवर लावायला हरकत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. त्याचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर अर्ज ऑनलाइन भरा आणि जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीची तारीख घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागांचा दरवाजा उघडतो. नोकरीच्या जाहिरातीत पदापुढं 'ओए' लिहिलेलं असलं तर ते पद एक हात बाधित असलेल्या उमेदवाराला चालतं. हडंब्याच्या अपघाताबद्दल गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अर्ज केला होता का, ते बाबांना विचारा. एक अवयव गेल्यास त्यात १ लाख रुपयांची तरतूद आहे. मुदत फार नसते, म्हणून सहाय्यक कृषी अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या कृषी सहायकाच्या) "बघू" वर थांबू नका, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं स्वतः जा.

चाळीस हजारांच्या कीबोर्डचं असं. एका हाताचे कीबोर्ड असतात, वाईट नसतात. पण ते दुसऱ्याच्या कम्प्युटरवर उपयोगी पडत नाहीत, बिघडले तर वाशिममध्ये दुरुस्त होत नाहीत, आणि शिकायला पुन्हा पहिल्यापासून. वर सांगितलेलं तीन-चार महिने वापरून झाल्यावर त्याला स्वतःला अडचण वाटली, तर दुकानदाराला दोन दिवस वापरून बघायला मागा. देत नसेल तर विषय संपला. पैसे खर्चायचेच असतील तर आधी यूपीएसवर खर्चा, अर्धा अर्ज भरून झाल्यावर लाइट गेली की एका हाताचं काम दुप्पट वाया जातं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. पुढच्या ग्रामसभेत त्यातून यूपीएस आणि जुन्या लॅपटॉपची मागणी लेखी द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) पोच सही-शिक्क्यासह घ्या.